धूर धुतला, आता त्या पाण्याचं काय?

जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांसाठीचा एक नियम सैल केला आणि ‘एफजीडी’ (फ्लू गॅस डिसल्फरायझेशन, म्हणजे धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून टाकणं) ही तीन अक्षरं पुन्हा बातम्यांत आली. धुरात सल्फर डायऑक्साइड किती असावा याच्या मर्यादा 2015 च्या डिसेंबरात ठरल्या होत्या. त्या पाळायच्या तर धूर धुणारी ही यंत्रणा बहुतेक केंद्रांना अटळ होती. मुदत पुढे सरकत गेली आणि शेवटी देशातले साधारण 78 टक्के संच (बॉयलर आणि टर्बाइन मिळून वीज बनवणारा एकेक घटक) यातून बाहेर पडले. त्यांनी चिमणीच्या उंचीची अट पाळली म्हणजे झालं. दिल्ली परिसराच्या किंवा दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांच्या दहा किलोमीटरच्या आत जे संच आहेत, त्यांना मात्र डिसेंबर 2027 अखेरपर्यंत यंत्रणा उभारायची आहे. या दोन्हींच्या मधे पडणाऱ्या उरलेल्या संचांचं एकेक प्रकरण पाहून ठरणार.

यावर जे वाद झाले ते खर्चाचे आणि गरजेचे. दोन्ही महत्त्वाचे आहेत. पण धूर पाण्याने धुवायचा म्हटलं की माझ्या डोक्यात घरातला साधा प्रश्न येतो. कपड्यांचा मळ बादलीत उतरतो, तसा हा वायू पाण्यात उतरणार. मग ती बादली ओतायची कुठे? गेल्या पन्नास वर्षांत रसायन अभियंत्यांनी या बादलीवर जेवढं डोकं खर्ची घातलं, तेवढं धुण्यावरही घातलं नसेल. ही गोष्ट त्या बादलीची आहे.

“आपल्या कोळशात गंधक असतंच किती!”

हा मुद्दा हमखास येतो, आणि तो खराही आहे. आसामचा कोळसा सोडला तर भारतीय कोळशात गंधक बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आतच असतं. पण टक्का कशाचा, तेही बघायला हवं. 500 मेगावॉटचा एक संच पूर्ण ताकदीने चालला तर दिवसाला साधारण साडेसात हजार टन कोळसा खातो. त्यात 0.4 टक्के गंधक धरलं तर झालं 30 टन. जळताना गंधकाचा प्रत्येक अणू ऑक्सिजनचे दोन अणू उचलतो आणि वजन दुप्पट होतं. म्हणजे एका संचाच्या चिमणीतून रोज 60 टन सल्फर डायऑक्साइड. हा 60 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा वायू श्वासनलिकेला झोंबतो, दम्याच्या रुग्णांना तर फारच. शिवाय हवेत तरंगताना त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. उंच चिमणी म्हणजे घाण शेजारच्या अंगणात ढकलणं, अशी तक्रार होते ती याचमुळे.

चुन्याची निवळी, कारखान्याच्या मापाची

शाळेतला प्रयोग आठवा. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की पाणी दुधाळ होतं. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी जुळतो आणि न विरघळणारा पांढरा कण तयार होतो. सल्फर डायऑक्साइड तर त्याहून तिखट आम्लधर्मी वायू. तो चुन्यावर जास्तच आवेशाने तुटून पडतो. मग उंच मनोऱ्यात खालून धूर सोडायचा, वरून चुन्याच्या पाण्याचे फवारे मारायचे. या मनोऱ्याला स्क्रबर म्हणतात. चुना स्वस्त, सगळीकडे मिळणारा. काम फत्ते व्हायला हवं होतं.

झालं नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक सुरुवातीच्या स्क्रबरना एकाच दुखण्याने गाठलं. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात गीझरच्या कॉइलवर पांढरा खडबडीत थर चढतो ना? तोच थर मनोऱ्यात, पाइपांत, फवाऱ्यांच्या तोंडांत. पकडलेलं गंधक चुन्याबरोबर जिथे पकडलं तिथेच दगड होऊन बसायचं, आणि मग संच बंद करून खरवडत बसा. त्यात चुना पाण्यात विरघळतो अगदी थोडा, म्हणून चुन्याचं गढूळ पाणी प्रचंड प्रमाणात फिरवत ठेवावं लागतं.

याला पर्याय सोडियमचा. धुण्याच्या सोड्याच्या कुळातली ही मंडळी पाण्यात झटकन विरघळतात, द्रावण नितळ राहतं, थर धरत नाही आणि वायू अधाशासारखा पितं. पण सोडा चुन्याच्या मानाने बराच महाग. आणि सोडियमचा जो गुण मनोऱ्यात उपयोगी, तोच बाहेर आल्यावर नडतो: त्याचं सगळंच विरघळतं, खाली काहीच बसत नाही. आपल्या 60 टन वायूमागे शंभर टनांहून जास्त क्षार रोज पाण्यात. आता हे नदीत सोडायचं म्हणता? नदीकाठच्या गावांनी उसाला, गव्हाला कोणतं पाणी द्यायचं मग?

स्लॅबच्या दिवशीची घमेली

तोड निघाली ती दोघांना कामं वाटून देऊन. पकडायचं काम सोडियमचं, विल्हेवाट लावायचं काम चुन्याचं. आणि दोघांची गाठ मनोऱ्यात पडू द्यायची नाही.

लिफ्ट नसलेल्या बांधकामावर स्लॅब पडताना पाहिलीय? खालून वर माणसांची साखळी. भरलेलं घमेलं हातोहात वर जातं, मालावर ओतलं जातं आणि रिकामं घमेलं भिरभिरत खाली येतं. हजारभर घमेली माल वर जातो, पण घमेली असतात तीस-चाळीसच. ती परत येतात म्हणून काम चालतं.

सोडियम म्हणजे हे घमेलं. मनोऱ्यात जाणाऱ्या द्रावणात सोडियम सल्फाइट असतं. हे रिकामं घमेलं समजा. ते सल्फर डायऑक्साइड उचलतं आणि सोडियम बायसल्फाइट होतं, हे भरलेलं. हे भरलेलं, म्हणजे थकलेलं द्रावण मनोऱ्यातून बाहेर काढून वेगळ्या टाकीत नेतात. तिथे त्यात विरलेला चुना घालतात. चुन्यातलं कॅल्शियम सल्फाइटला धरतं आणि पाण्यात जवळजवळ न विरघळणारं कॅल्शियम सल्फाइट होऊन तळाला बसायला लागतं. घमेलं रिकामं झालं. सोडियम सल्फाइट पुन्हा मनोऱ्याकडे. यालाच थकलेल्या द्रावणाचं रासायनिक पुनरुज्जीवन म्हणतात, आणि सोडियम व चुना अशा दोन अल्कली, म्हणजे आम्लाला मारणारे पदार्थ, वापरायच्या म्हणून पद्धतीला नाव पडलं ‘दुहेरी अल्कली’.

यातली खरी मेख ‘न विरघळणारं’ या शब्दात आहे. खाली बसलेला कण प्रक्रियेत परत येऊ शकत नाही, म्हणून प्रक्रिया एकाच दिशेने ओढली जाते. मनोऱ्यात थर धरून छळणारा हाच गुण इथे, वेगळ्या टाकीत, कामाला आला. घाण कुठे बसवायची ते ठरवलं, आणि दुखण्याचं औषध झालं.

पुढचं काम तसं साधं. मोठ्या निवळण टाकीत, ज्याला प्लँटवरची माणसं थिकनर म्हणतात, गाळ तळाशी जमतो. तो फिल्टरवर पिळून काढतात. त्याच्या ओल्या वडीत थोडं सोडियमचं पाणी अडकून राहतं, म्हणून ती स्वच्छ पाण्याने धुतात आणि ते पाणीही परत घेतात. तरी काही सोडियम जातंच. तेवढी भरपाई म्हणून रोज थोडा ताजा सोडा घालायचा, जशी स्लॅबवर चार-दोन घमेली चेपतात आणि मुकादम नवी आणायला पोरगा पाठवतो.

चुना मात्र मोजूनच. हिशेब सरळ आहे: 64 किलो वायूला 56 किलो शुद्ध कळीचा चुना. आपल्या 60 टनांना साडेबावन्न टन. कमी पडला तर घमेली अर्धवट भरलेलीच परत जातात. जास्त झाला तर न वापरलेला चुना गाळाबरोबर फुकट जातो.

घमेल्यात घट्ट बसलेला माल

आता पद्धतीचं दुखरं बोट. धुरात न वापरलेला ऑक्सिजन उरलेला असतो. तो सोडियम सल्फाइटला गाठून त्याचं सोडियम सल्फेट करतो. सल्फाइट आणि सल्फेट, नावात एका मात्रेएवढा फरक, पण वागण्यात जमीन-अस्मानाचा. सल्फेट वायू उचलत नाही. घमेल्यात माल ओतायचा राहिला, दुपारभर उन्हात पडला आणि दगड झाला, तसं. असं घमेलं साखळीत फिरतं, पण काम शून्य.

चुना घालून तेही रिकामं करता येणार नाही का? सहजी नाही. द्रावणात सल्फाइट भरपूर असेल तर चुन्यातलं कॅल्शियम आधी त्याच्याच मागे धावतं, सल्फेटच्या वाट्याला उरतच नाही. यावर अभियंत्यांनी वेगवेगळे मार्ग काढले. एक: द्रावण दाट ठेवायचं. कॅल्शियम सल्फाइटचे स्फटिक बसताना स्वतःबरोबर थोडं सल्फेटही ओढून नेतात. सल्फेट हळू बनत असेल तर एवढ्याने भागतं. दुसरा: द्रावण पातळ ठेवायचं, म्हणजे सल्फाइटची दादागिरी कमी होते आणि चुना सल्फेटलाही जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, करून खाली बसवू शकतो, पण मग पाणी जास्त फिरवावं लागतं आणि टाक्या मोठ्या. ओहायो राज्यातल्या पार्मा इथे जनरल मोटर्सच्या कारखान्याने 1974 मध्ये बॉयलरांसाठी हा पातळ मार्ग घेतला, कारण कारखान्याच्या बॉयलरात हवा गरजेपेक्षा बरीच जास्त जाते आणि सल्फेट भराभर बनतं.

तिसरा मार्ग जपानी: काही द्रावण बाजूला काढून त्यात गंधकाम्ल घालायचं. गंधक पकडायला निघालेल्यांनी गंधकाचंच आम्ल ओतायचं, हे ऐकून मीही पहिल्यांदा थबकलो होतो. पण आम्लामुळे गाळातलं कॅल्शियम सल्फाइट विरघळतं, मोकळं झालेलं कॅल्शियम सल्फेटला धरून जिप्सम होऊन बसतं, आणि सोडियम सुटतं. जपानमध्ये खाणीतलं जिप्सम फारसं नाही आणि सिमेंटवाले, भिंतींचे बोर्ड बनवणारे ते घ्यायला तयार होते. तिथे आम्लाचा खर्च परवडला.

हे रसायन महाराष्ट्राच्या ओळखीचं आहे

कोल्हापूर, सांगली, नगरकडच्या वाचकांना एव्हाना काहीतरी आठवलं असेल. पांढरी साखर करणाऱ्या आपल्या बहुतेक कारखान्यांत उसाच्या रसात चुन्याचं दूध घालतात आणि गंधक भट्टीत जाळून त्याचा वायू रसात सोडतात. हा वायू म्हणजेच सल्फर डायऑक्साइड. तो चुन्याशी जुळतो, कॅल्शियम सल्फाइटचे कण बसू लागतात आणि रसातला रंग, गढूळपणा सोबत घेऊन खाली जातात. वीज केंद्र जो वायू नकोसा म्हणून पकडतं, तो साखर कारखाना मुद्दाम विकत घेतलेल्या गंधकापासून बनवतो! आणि रस आटवणाऱ्या नळ्यांमध्ये चढणारा, हंगामात ठरावीक दिवसांनी काम थांबवून साफ करावा लागणारा थर? त्यातही याच सल्फाइट-सल्फेटचा वाटा असतो. स्क्रबरच्या इंजिनिअरचं दुःख साखर कारखान्याच्या केमिस्टला समजावून सांगावं लागणार नाही.

लुइव्हिलचा संच

दाट द्रावणाच्या पद्धतीची मोठी परीक्षा झाली ती अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहराजवळ, केन रन वीज केंद्राच्या सहाव्या संचावर. सुमारे 300 मेगावॉटचा संच, 1979 मध्ये यंत्रणा सुरू, आणि पर्यावरण संरक्षण संस्थेचा प्रात्यक्षिक प्रकल्प म्हणून तिच्यावर बारीक नजर. तिथला कोळसा आपल्यासारखा सौम्य नव्हता. गंधक तीन टक्क्यांच्या वर. तरी नव्वद टक्क्यांहून जास्त वायू अडवला गेला.

मला यातला सगळ्यात आवडणारा भाग चुन्याचा. तो खाणीतून आणून भट्टीत भाजलेला नव्हता. वेल्डिंगसाठी लागणारा ॲसिटिलीन वायू कार्बाइडपासून बनवताना मागे चुन्याचा चिखल उरतो. तो टाकाऊ चुना इथे वापरला. कुणाचा तरी कचरा घेऊन आपला कचरा आवरायचा, असा व्यवहार. धुण्यातून निघालेल्या गाळात राख आणि चुना मिसळून तो घट्ट करत आणि भरावात टाकत. केन रनचा कोळसा 2015 मध्ये थांबला आणि तिथे नैसर्गिक वायूवरचं केंद्र आलं.

गरम करून घमेलं रिकामं होत नाही का?

होतं. उन्हात तापलेली सोड्याची बाटली उघडली की वायू फसफसून बाहेर येतो. थकलेलं बायसल्फाइटचं द्रावण वाफेने तापवलं की तसाच सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि सल्फाइट परत मिळतं. या पद्धतीला वेलमन-लॉर्ड म्हणतात. सुटलेला वायू आता दाट असतो, त्याचं गंधकाम्ल किंवा शुद्ध गंधक करून विकता येतं. गाळ जवळजवळ नाहीच. इंडियानातल्या गॅरी शहरात 1970 च्या दशकात वीज केंद्रावर ती चालवून पाहिली गेली, जपानमध्ये त्याआधीच सुरू झाली होती.

मग अडलं कुठे? वाफ फुकट मिळत नाही. टर्बाइनला जाणारी वाफ इकडे वळवावी लागते. शिवाय दगड झालेलं सल्फेटचं घमेलं उष्णतेला दाद देत नाही, ते वेगळं काढावंच लागतं. आणि वीज केंद्राच्या साहेबाला गळ्यात एक आख्खा रासायनिक कारखाना नको असतो.

“हवेतली घाण जमिनीवर आणली, एवढंच ना?”

हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, कारण तो बराचसा बरोबर आहे. 64 किलो वायूमागे 129 किलो कॅल्शियम सल्फाइट बनतं, म्हणजे आपल्या संचाचा दिवसाला 120 टन कोरडा गाळ. पण तो कोरडा नसतोच. कॅल्शियम सल्फाइटचे स्फटिक चपटे, पाणी धरून ठेवणारे. ढीग घातला तर घट्ट दिसतो, ट्रकमध्ये हादरे बसले की टूथपेस्टसारखा पसरतो. निम्मं पाणी धरा, झाले 240 टन. वडी नीट धुतली नसेल तर उरलेलं सोडियम पावसाबरोबर झिरपून विहिरीत उतरण्याची भीती वेगळी.

फरक एवढाच की ही घाण एका जागी आहे, तिच्यावर पहारा ठेवता येतो, आणि चूक कुणाची तेही सांगता येतं. हवेतल्या कणांबाबत हे शक्य नसतं.

“चुना वापरून कार्बन डायऑक्साइड वाढवताच की!”

वाढतो. चुनखडी भाजा किंवा थेट वापरा, तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतोच. 60 टन वायू अडवताना तो साधारण 41 टन होतो. साडेसात हजार टन कोळसा जळताना मात्र दहा हजार टनांच्या घरात निघतो. म्हणजे चुन्याची भर अर्ध्या टक्क्याच्याही आत. त्यापेक्षा यंत्रणेचे पंप आणि पंखे जी वीज खातात, साधारण एक-दीड टक्का, तो मुद्दा वजनदार आहे.

मग आपल्याकडे ही पद्धत का दिसत नाही?

कारण चुनखडीने मागाहून बाजी मारली. मनोऱ्याच्या तळाशी मुद्दाम हवा फुंकली तर सल्फाइटचं पूर्णपणे सल्फेट, म्हणजे जिप्सम होतं. जिप्समचे दाणे जाड, पाणी लवकर सोडतात. आणि द्रावणात आधीच जिप्समचे स्फटिक फिरत ठेवले तर नवं जिप्सम भिंतीवर चढण्याऐवजी त्यांच्यावर बसतं, थराची कटकट खूप कमी होते. एकच मनोरा, स्वस्त चुनखडी, विकता येणारा माल. 1980 च्या दशकापासून जगभर हीच पद्धत रुळली आणि भारतात बसणाऱ्या बहुतेक यंत्रणा याच जातीच्या आहेत. ज्या सल्फेटने सोडियमवाल्यांना छळलं, त्यालाच चुनखडीवाल्यांनी उत्पादन केलं.

सोडियम संपलं असं नाही. छोट्या बॉयलरांना, जहाजांना अजून तेच सोयीचं पडतं. 1 जानेवारी 2020 पासून जहाजांच्या इंधनातलं गंधक अर्ध्या टक्क्यावर आलं. जुनंच इंधन वापरायचं तर धूर धुवा, असा नियम. बंद चक्राचे स्क्रबर असलेली जहाजं त्यासाठी कॉस्टिक सोडा वापरतात.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तर चुनाही लागला नाही. मुंबईत ट्रॉम्बेला 1980 च्या दशकातच एका संचाचा धूर समुद्राच्या पाण्याने धुतला जाऊ लागला. डहाणूच्या वीज केंद्राला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या प्राधिकरणाने यंत्रणा लावायला सांगितलं, चिकूच्या बागायतदारांची आणि स्थानिकांची वर्षानुवर्षांची लढाई त्यामागे होती, आणि 2007 मध्ये ती सुरू झाली. समुद्राचं पाणी मुळातच किंचित अल्कधर्मी. लिटरमागे सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट त्यात आधीपासून असतं. पकडलेलं गंधक हवा फुंकून सल्फेट केलं की ते त्या गर्दीत मिसळून जातं. घमेली परत आणायची गरजच नाही, कारण भरतीबरोबर नवी येतात. आम्लता आणि तापमान मात्र सोडण्याआधी तपासावं लागतं, नाहीतर खाडीतल्या मासळीवर बेतेल.

विदर्भात समुद्र नाही. कोराडीचं वीज केंद्र नागपूरच्या उंबरठ्यावर, चंद्रपूरचं केंद्र शहराला लागून, पाणी मोजून-मापून. पण चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, चुनखडीच्या आहेत, आणि गडचांदूर-घुग्घुसच्या पट्ट्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत, ज्यांना दर शंभर टन सिमेंटमागे तीन ते पाच टन जिप्सम लागतं. धूर धुण्यापासून निघणाऱ्या जिप्समला गिऱ्हाईक शोधायला जिल्ह्याबाहेर जावं लागणार नाही. जनसुनावणीत यंत्रणा बसवणार का, हे विचारून झालं की पुढचा प्रश्न हा विचारावा: ते जिप्सम कुठल्या ट्रकने, कुणाच्या फाटकात जाणार आहे?